साक्षीदार गप्प आहे

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. सोलापूरच्या कोर्टात बावीस वर्षं मी लघुलेखकाची नोकरी केली. साक्षीदार बोलतो, वकील आवाज चढवतो आणि मी खाली मान घालून उतरवून घेतो. इतकी वर्षं माणसांना शपथेवर खोटं बोलताना ऐकलं की कुणी चहात साखर घातलीय म्हटलं तरी आपण ढवळून बघतो. माझी बायको शांतम्मा म्हणते, तुमी देवालापण पिंजऱ्यात उभं कराल.

पुढचं सगळं त्याच सवयीने लिहितोय. कोण कुठे होतं, किती वाजले होते, कोण काय बोललं. अर्थ लावणं हे लघुलेखकाचं काम नसतं, आणि या बाबतीत ते माझ्याच्याने झालेलंही नाही.

१९७५चा फेब्रुवारी. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा उठून महिना झाला होता. एका वाचनालयाने शाळेच्या मैदानावर तीन दिवसांची ग्रंथजत्रा भरवली होती. मांडववाला यात्रेतलाच, कापडही तेच, त्यामुळे ग्रंथांच्या मांडवाला भज्यांच्या तेलाचा वास येत होता. वीसएक गाळे. आमच्या गाळ्यावर सिद्धलिंगप्पाने घरची मोरांची चादर अंथरली होती आणि त्या मोरांवर माझं पहिलं पुस्तक रचून ठेवलं होतं. 'मयत हजर आहे', विनोदी रहस्यकादंबरी, पानं एकशे चव्वेचाळीस. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस लेखक झाला की त्याने जेवढं खूश व्हावं तेवढा मी झालो होतो. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसू नये म्हणून हातात वर्तमानपत्र धरून बसलो होतो.

सिद्धलिंगप्पाचा बाळीवेशीत छापखाना. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि मठाची पत्रकं सोडून त्याने कधी काही छापलं नव्हतं. माझं हस्तलिखित वाचून तो इतका हसला की स्वतःच प्रकाशक व्हायला तयार झाला. प्रकाशन समारंभ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला होता, पण हा पहिल्याच दिवशी सकाळपासून विकायला लागला.

"प्रकाशन फोटोसाठी असतंय हो," तो म्हणाला. "पुस्तक लोकांसाठी हाय."

पहिला दिवस झकास गेला. लोक उभ्याउभ्या पानं चाळत आणि हसत. विशेषतः सातव्या प्रकरणावर. त्यात आमचा हवालदार येडू एका आडत्याच्या खुनाचा तपास करायला त्याच्या घरी जातो. आडत्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, गादीवर बसलेला दिसतो, म्हणून येडू त्याचीच जबानी घ्यायला बसतो. प्रश्न विचारतो, थांबतो, आणि वहीत लिहितो, 'साक्षीदार गप्प आहे.' असे चौदा प्रश्न. चौदा वेळा साक्षीदार गप्प. मग घरातून कुणीतरी येऊन सांगतं की हेच मयत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक गुरुजी आले. काल प्रत घेऊन गेले होते. वेळापूरचे, निवृत्त, मुलीकडे आलेले. बगलेत छत्री आणि चेहऱ्यावर अजून कालचं हसू.

"काय लिवलंय हो तुमी," ते म्हणाले. "रात्री मुलगी उठून बघायला आली, बाबांना झालंय काय. ते मयत बोलतंय ना हवालदाराला? 'रुमाल घट्ट बसलाय. जरा सैल करा की.' मेलो हसून."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. माझ्या पुस्तकातलं मयत शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. पण वाक्य मला ओळखीचं होतं. ते मी एकदा ऐकलं होतं, तेरा वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर कुणालाही सांगितलं नव्हतं.

ते सातवं प्रकरण मुळात माझ्याच बाबतीत घडलेलं आहे. १९६२च्या जानेवारीत दुधनीहून तार आली की सासऱ्यांची प्रकृती गंभीर आहे. सासरे गुरुसिद्धप्पा, आमचे अप्पा, तुरीचे आडते. अर्धांगाचा झटका आला होता आणि वाचा गेली होती. शांतम्मा त्याच दिवशी गेली. मी तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने उतरलो आणि स्टेशनवरून चालत घरी गेलो. कडाक्याची थंडी होती. सोप्यावर अप्पा गादीवर मांडी घालून भिंतीला टेकून बसले होते. डोक्याला नवा रुमाल, म्हणजे आमच्याकडचा फेटा. कपाळभर विभूती. शाल हनुवटीपर्यंत ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले. पूजा आटोपली की ते रोज असेच बसायचे आणि तासभर कुणाला उत्तर द्यायचे नाहीत. घरात आवाज नव्हता. मला वाटलं, उतार पडला. पाया पडलो, शेजारी बसलो आणि बोलत राहिलो. गाडीची गर्दी, थंडी, कोर्टात मला मिळालेली बढती. चांगला पाव तास.

आम्हा लिंगायतांत मयताला आडवं ठेवत नाहीत. अंग ताठायच्या आत आंघोळ घालून, मांडी घालून भिंतीशी बसवतात, नटवतात, आणि बसवूनच नेतात, बसवूनच पुरतात. मी हे लहानपणापासून पाहिलेलं होतं आणि तरी चुकलो. अप्पा पहाटे गेले होते. बायका रडून रडून थकून परसात पाणी तापवत होत्या, आणि मेहुणा चन्नवीर विधीसाठी जंगमस्वामींना आणायला गेला होता. परत येऊन बघतो तर जावई मयताला बढतीची बातमी सांगतोय. पुढे हा किस्सा दुधनीत प्रत्येक लग्नात निघायचा. मीही हसायचो. शेवटी त्याचं प्रकरण करून टाकलं.

इतकं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

चन्नवीर उंबऱ्यात यायच्या जरा आधी अप्पा बोलले. ओठ फारसे हलले नाहीत. आवाज त्यांचाच, जरा जड. माझ्याशी ते नेहमी मराठीत बोलत, तसंच मराठीत. "रुमाल घट्ट बसलाय. जरा सैल करा की."

मी हात वर नेला. बोटं त्यांच्या कानाला लागली. कान गार होता. तेवढ्यात चन्नवीर आत आला, बापाच्या पायांवर पडला आणि मोठ्याने रडला. मी हात मागे घेतला.

त्या दिवशी दुपारी अप्पांना पुरलं. मी गप्प राहिलो. सुरुवातीला वाटलं, भास झाला. मग माझ्यातला कोर्टाचा माणूस जागा झाला आणि त्याने दोनच शक्यता पुढे ठेवल्या. एक तर मयत बोललं, किंवा ते मयत नव्हतं. पहिली शक्यता कुठलंही कोर्ट मान्य करणार नाही. दुसरी करेल. डॉक्टर आला नव्हता; गावातल्या कंपाउंडरने नाडी बघितली होती. कान गार होता हे खरं, पण त्या थंडीत माझेही कान गार होते.

आणि शांतम्मा. ती बापाच्या उशाशी दोन रात्री बसली होती, एका शब्दासाठी. शब्द आला नाही. दर वर्षी अप्पांच्या तिथीला पान वाढताना ती तेच बोलते, "मला एक शब्द बोलले न्हायत." मी मान खाली घालून जेवतो. तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण पुढचा प्रश्न मला माहीत होता. मग तुमी काय केला? त्या प्रश्नाला मी तेरा वर्षं भीत आलोय. पुस्तक लिहिलं तेही त्यातूनच सुटका व्हावी म्हणून. लोक हसले की गोष्ट संपते असं मला वाटत होतं. शिवाय शांतम्माची शाळा कानडी. मराठी घडाघडा बोलते, पण मराठी अक्षर तिला वाचता येत नाही. तिच्यापुरतं मी स्वतःला सुरक्षित समजत होतो.

"गुरुजी," मी म्हणालो, "ते वाक्य जरा दाखवता?"

त्यांनी पिशवीतून प्रत काढली. सातवं प्रकरण उघडलं. पान त्र्याण्णव. खाली गेले, वर आले, पुढचं पान उलटलं.

"हितंच होतं," ते म्हणाले.

पानावर माझंच वाक्य होतं. साक्षीदार गप्प आहे. गुरुजींचं हसू उतरलं. मी त्यांची चेष्टा करतोय असा त्यांना संशय आला असावा, आणि मला त्यांचा.

"तुम्ही दुधनीला कधी गेला होतात?"

"न्हाय बा. कशाला जाऊ?" ते म्हणाले. प्रत पिशवीत टाकून, मागे न बघता गेले.

मी सिद्धलिंगप्पाला बाजूला घेतलं. पुस्तक त्याने स्वतः जुळवलं होतं, दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मी उलटतपासणीच्या सुरात विचारलं असावं, कारण तो दुखावला.

"तुमचं एक अक्षर बदललं न्हाय मी," तो म्हणाला. "आन् माझ्याकडं टाइप केवढा? सोळा पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडायचे, मग पुढची सोळा. एक पान दोन तऱ्हेनं छापायला खिळे कुटले आणू?"

बरोबर होतं. तरी मी टेबलावरची प्रत्येक प्रत त्र्याण्णव पानावर उघडून बघितली. सगळीकडे साक्षीदार गप्प होता. सिद्धलिंगप्पा माझ्याकडे असा बघत होता, जणू याला प्रकाशनाची धास्ती बसलीय.

मग चन्नवीरचा संशय आला. तो उंबऱ्यात होता. ऐकलं असेल, कधी कुणाला बोलला असेल, आणि ते फिरत फिरत वेळापूरपर्यंत गेलं असेल. पण चन्नवीर बहात्तर साली वारला. ऐकलं असेल तर तोही माझ्यासारखाच गप्प राहून गेला.

दुपारी दोनला काशम्मा नावाच्या एक बाई आल्या. महापालिकेच्या शाळेत शिकवतात, घरी दोन माग, घरची भाषा तेलुगू. त्यांना आणखी दोन प्रती हव्या होत्या, भावांसाठी.

"रात्री मोठ्याने वाचलं मी," त्या म्हणाल्या. "सगळे माग बंद करून ऐकत होते. ते खुर्चीत बसवून नेतात तेव्हा मयत म्हणतं, 'डावीकडनं कोण धरलंय? मी कलायलोय.' आमचा धाकटा तर उठून तसा कलून दाखवायला लागला."

मी त्यांना विचारलं नाही की हे कुठल्या पानावर आहे. माझ्या कादंबरीत मयताला कुठेही नेत नाहीत. पुस्तक पोलीस चौकीत संपतं, आणि अंत्ययात्रा त्यात नाहीच.

अप्पांची होती. लाकडी विमानात, म्हणजे खुर्चीसारख्या तिरडीत, बसवून त्यांना चौघांनी खांद्यावर घेतलं होतं. दुधनीच्या बाहेर नाल्यापाशी उतार आहे. तिथे विमान डावीकडे कललं आणि लोक ओरडले. डावीकडे पुढे मी होतो. पाय घसरला होता.

काशम्मांनी पुस्तकावर माझी सही मागितली. मी केली. कोर्टातली माझी सही कुणीही ओळखेल, पण ही मलाच ओळखू येईना.

मांडव भरत चालला होता. व्यासपीठावर सतरंजी आली, माइकवाला तारा ओढत फिरत होता. त्या गर्दीत मी गाळ्याच्या मागे स्टुलावर बसून होतो आणि हसण्याचे आवाज ऐकत होतो. कुणी पुस्तक चाळून हसला की मी मान वर करून बघायचो. हा आता काय वाचतोय? काल हेच हसणं मला गोड लागलं होतं.

चारच्या आसपास बिरदेव आला. माणदेशाकडचा, श्रीपूरला साखर कारखान्यावर वजनकाट्याला आहे. धोतर, टोपी, मोठा आवाज. पुस्तक त्याने सकाळी घेतलं होतं आणि मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसून एका दमात संपवलं होतं.

"सायेब, लई हसलो," तो म्हणाला. "पर आसलं कुटनं सुचतंय म्हनायचं? त्येला खड्ड्यात बसीवल्यात, आन् वरनं मीठ वततोय एकजन. तर मयत म्हनतंय, 'मीठ बास करा की. डोळ्यांत जायलंय.' आन् ह्यो गडी वततोयच."

तो हसताना मांडीवर हात मारत होता. आजूबाजूचे दोघंतिघं हसले.

मी विचारलं, "ओतणारा कोण आहे?"

"त्येचा जावई की," बिरदेव म्हणाला. "तुमीच लिवलाय, आन् मला इचारताय?"

आमच्यात खड्ड्याच्या एका बाजूला आत कोनाडा खणतात. त्यात मयताला मांडी घालून बसवतात. विभूती ठेवतात, बेलाची पानं ठेवतात आणि मग मीठ घालतात. घरची माणसं मूठमूठ टाकतात. पण चन्नवीरच्या हातापायांत बळ उरलं नव्हतं, म्हणून मिठाची पहिली पाटी मी ओतली. दुसरीही मीच. खाली बघून ओतत होतो, पण चेहऱ्याकडे बघितलं नाही. ते मुद्दामच बघितलं नाही, हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.

बिरदेव गेल्यावर मी सिद्धलिंगप्पाला म्हणालो, "सगळी पुस्तकं आत ठेव. प्रकाशन नको."

"डोकं फिरलंय का तुमचं? पाहुणे निघालेत. हार आलेत."

"मग निदान शांतम्माला येऊ देऊ नकोस."

 मी उत्तराची वाट न बघता सायकल काढली. दक्षिण कसब्यातलं माझं घर दहा मिनिटांवर. मिलचा भोंगा झाला होता आणि रस्ताभर सायकली होत्या. वाटेत मी तिला काय सांगायचं ते जुळवत होतो. समारंभ रद्द झाला. पाहुणे आजारी आहेत. मला बरं वाटत नाही. शेवटचं तर खरंच होतं.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या शरणम्मा ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या.

"मघाशीच गेल्या की," त्या म्हणाल्या. "छापखान्याकडनं टांगा आलता. इरकल नेसून गेल्या. लई दिवसांनी हसत गेल्या बघा."

मी परत आलो तेव्हा पाचला दहा कमी होते. माइकवाला हॅलो हॅलो करत होता. सिद्धलिंगप्पा मांडवाच्या तोंडाशीच उभा होता. पाहुणे पोचले होते. मी बायकोचं विचारलं.

"वैनी बसल्यात की पुढं," तो म्हणाला. "पहिली प्रत त्यांनाच दिली. तुमी रागावू नका, पण मान त्यांचा हाय."

पहिल्या रांगेत, कडेच्या लोखंडी खुर्चीत शांतम्मा बसली होती. हिरवं इरकल, डोक्यावरून पदर. मांडीवर पुस्तक उघडं होतं. मान जरा खाली, एका बाजूला. दुरून कुणालाही वाटलं असतं, बाई वाचताहेत.

मी शेजारच्या खुर्चीत बसलो. पान त्र्याण्णवच होतं. माझंच छापलेलं, ओळीन्‌ओळ माझी. मी ते तिच्या खांद्यावरून वाचलं. साक्षीदार गप्प आहे.

"शांता," मी म्हणालो, "घरी चल."

तिने एक बोट वर केलं. लहान मुलाला थांबवावं तसं.

"तुला हे वाचता येत नाही," मी म्हणालो.

"वाचत न्हाय ओ," ती हळूच म्हणाली. "ऐकायले."

मागे कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. व्यासपीठावर कुणीतरी माझं नाव घेऊन पुढे यायची विनंती करत होतं.

"हूं," शांतम्मा म्हणाली. मला नव्हे. थोडं थांबून पुन्हा, "हूं, अप्पा."

तिचा चेहरा शांत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती. लग्न होऊन चोवीस वर्षं झाली होती, आणि इतकं समाधान मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला, आणि भीती वाटली. दोन्ही एकदम.

"काय म्हणतात?"

"सगळं सांगायलेत," ती म्हणाली. "पहिल्यापासनं. तुमी शेजारी बसलाव, ते. बढतीचं सांगिटलाव, ते."

मी व्यासपीठाकडे पाठ केली.

"पुढे?"

"थांबा की. एकदम कसं सांगतील? दम लागायलाय त्यांना."

"कुठपर्यंत आलंय?"

ती ऐकत राहिली. बोटाने पदराचं टोक धरून. मग म्हणाली,

"नाल्यापातुर."

माइकवर पुन्हा माझं नाव. टाळ्या. सिद्धलिंगप्पा हाताने मला बोलावत होता.

मी वाकलो आणि तिच्या मांडीवरचं पुस्तक मिटलं. तिने अडवलं नाही. ते घेऊन मी माझ्या खुर्चीखाली, मातीत ठेवलं.

"हूं," शांतम्मा म्हणाली.

तिच्या मांडीवर आता काही नव्हतं.

"हूं."

मध्ये तेवढीच विश्रांती, जेवढी एखाद्या म्हाताऱ्याला एक वाक्य बोलायला लागते.

"हूं."

मग ती गप्प झाली.  नंतर तिने हळूहळू मान फिरवली आणि माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं.